गादी

"खाली गादी कुणी अंथरली?" गॅलरीतून वाकून मी विचारलं. फरशीवर जाडजूड गादी होती, वर गुलाबाच्या पाकळ्याही.

"प्रथा पाळायची, पण नुकसान कशाला?" नवे सीईओ म्हणाले.

शिसारी आली मला. कंपनी काढणारे बेलसरे सर प्रत्येक नवं यंत्र याच गॅलरीतून स्वतः खाली टाकायचे. आमची ईसीजी यंत्रं आरोग्यसेविकांच्या पिशव्यांतून पाड्यापाड्यांवर फिरतात, आपटतात. यंत्र फुटलं की सर एवढंच म्हणायचे, "पुन्हा बनवा." झक मारत बनवायचो आम्ही, आणि पुढचं टिकायचं. सर गेल्यापासून आम्ही फक्त रंग बदलतोय.

यंदा यंत्र टाकायचा मान सरांच्या पत्नीला होता. वहिनींनी आधी गादीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि यंत्र मुद्दाम लांब, उघड्या फरशीवर भिरकावलं. त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"पुन्हा बनवा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी सीईओंना लाज वाटेल.

"वहिनी, नेम चुकला तुमचा," सीईओ हसले आणि त्यांनी दुसरं यंत्र वहिनींच्या हातात ठेवलं. "जरा गादीवर टाका. फोटोग्राफर थांबलाय."