रखडण्याचं कारण

ला पाझ शहरातल्या बायकांच्या तुरुंगात लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहू शकतं. बेनितावर चोरीचा नुसता आळ होता, पण तिथे चार वर्षं काढूनही खटला उभाच राहिला नव्हता. अखेर जुलैची तारीख मिळाली. तिची सुल्मा ऑगस्टमध्ये सहाची होणार होती. सुटका झाली तर मायलेकी बरोबरच बाहेर पडणार होत्या. त्या दिवसासाठी बेनिताने लेकीला लाल स्वेटर विणला. वाढत्या अंगाची पोर, म्हणून बाह्या जरा लांबच ठेवल्या.

तारखेला पोलिसांनी तिला कोर्टात नेलं, तर कारकुनाने हात झटकले. "ताई, तुमची फाईल इथे नाही. न्यायसुधारणेसाठी सरकारने नवी संस्था काढलीय ना, तिथले साहेब घेऊन गेले."

"कशाला?"

"खटले का रखडतात, त्याचा अभ्यास करायला. तुमचा नमुना त्यांना फार आवडला!"

"अहो, मग दुसरी प्रत काढा की!"

"दोऱ्याने शिवलेली फाईल ती, एकच असते. नशीब समजा, एवढ्या मोठ्या लोकांच्या हातात पडली."

ऑगस्टमध्ये नवा स्वेटर घालून सुल्मा मावशीचा हात धरून फाटकाबाहेर पडली. बाह्या अजून लांबच होत्या.

डिसेंबरात संस्थेचा गुळगुळीत, रंगीत अहवाल आला. बेनिताच्या खटल्यापुढे रखडण्याचं कारण छापलं होतं:



"मूळ फाईल न्यायालयात सापडत नाही."