नाव घातलेली गाडी

“बोनेट उघड, पण हात मला दिसतील असे ठेव,” असं म्हणून घेवरचंद सेठांनी स्टूल ओढलं आणि ते गाडीच्या तोंडाशीच ठाण मांडून बसले.

पूनाराम मिस्त्रीनं निमूटपणे बोनेट उघडलं. महिन्यात ही तिसरी खेप. दोनदा त्यानं एसीत गॅस भरून दिला होता, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत एसी गरम वारा फेकायला लागला होता. राजस्थानातल्या फलोदीचा जेठ महिना म्हणजे बाहेर आधीच भट्टी. त्यात गाडीतूनही झळाच येणार असतील, तर माणसानं पैसे मोजून एसी घ्यायचा कशाला?

आज तर सेठांच्या जिवाला घोर होता. त्यांची लेक नीतू बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना, त्यात रक्तदाब चढलेला. संध्याकाळपर्यंत जोधपूरला आणा, पण उन्हात तापू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. सकाळी बापलेक निघाले. पंधरा किलोमीटरवर एसीनं दगा दिला, पोरीचं तोंड लालबुंद झालं, तसे माघारी वळले. आता ती मिस्त्रीच्या खाटेवर, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसली होती.

“तू मुद्दाम कमी गॅस भरतोस,” सेठ म्हणाले. “म्हणजे मी पुन्हा तुझ्याच दारात यावं!”

“गॅस गळतोय, सेठजी. कुठून गळतोय ते बघायला पुढचा बंपर काढावा लागेल. दोन्ही वेळा सांगितलं मी.”

“आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटलं! बंपर काढायचा, आतला चांगला माल लांबवायचा आणि भंगार बसवायचं. मला शिकवतोस? चाळीस वर्षं भांडी विकतोय मी.”

विकत होते खरे. पण माणसावर विश्वास म्हणाल तर शून्य! दुकानात गिऱ्हाइकासाठी पाण्याचा पेला होता, तो साखळीला बांधलेला. साखळी खिळ्याला, आणि पेल्यावर, साखळीवर, खिळ्याच्या डोक्यावरसुद्धा सेठांचं नाव! भांड्यांवर नावं घालायचं विजेचं यंत्र ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. बाजारात कुणाच्या तरी गाडीची बॅटरी बदलली गेल्याचं कानावर आलं, तशी महिन्यापूर्वी आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी त्यांनी दुकानातल्या दोन गड्यांकडून स्वतःच्या गाडीचा बंपर उतरवून घेतला आणि आतल्या सगळ्या मालावर नाव घातलं. बॅटरीची आतली बाजू, पंखा, जाळी, एसीच्या नळ्या, काही सोडलं नाही. अक्षरांत लाल रंगही भरला, लग्नाच्या भांड्यांना भरतात तसा. पूनारामला यातलं काही ठाऊक नव्हतं.

समोरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाईल अशा आवाजात सेठ गरजले, “आज चोर सापडू दे! त्याचं नाव परातीवर कोरतो आणि दुकानासमोर टांगतो. येणारा-जाणारा वाचेल!”

पूनारामचा चेहरा पडला. महिनाभर बाजार हेच ऐकत होता. ओळखीचे दोन टॅक्सीवाले परवा त्याच्या दारावरून मान वळवून पुढच्या गॅरेजात गेले होते. मिस्त्रीचं एकदा नाव गेलं की त्याला घरी बसून माश्या मारायच्या.

“बाऊजी, काढू द्या ना बंपर,” नीतू कळवळून म्हणाली. “मला गरगरतंय.”

लेकीपुढे सेठांचं काही चालत नसे. बंपर उतरला. सेठांनी चष्मा चढवला आणि वाकून एकेक नाव वाचलं. सगळी जागच्या जागी. त्यांचा जरा हिरमोडच झाला.

पूनाराम मात्र ती लाल अक्षरं बघून थबकला.

“ही नावं कधी घातलीत, सेठजी?”

“आखातीजला. का? पोटात गोळा आला?”

पूनारामनं नळ्यांमध्ये दाबानं हवा भरली, वाटीत साबणाचा दाट फेस केला आणि ब्रश सेठांच्या हातात दिला. “तुम्हीच लावा. मी लावला तर म्हणाल, मिस्त्रीनं हातचलाखी केली. जिथून बुडबुडा फुगेल, तिथं गळती.”

सेठांनी आधी पूनाराम गॅस भरायचा त्या तोंडाला फेस फासला. चांगला दोन-दोनदा फासला. काही नाही. मग जोडांना. तिथंही काही नाही. मग त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळीवरून ब्रश फिरवला.

एक बुडबुडा फुगला. पाठोपाठ दुसरा.

सेठांनी घाईघाईनं रुमाल काढून ते पुसले. ते पुन्हा फुगले, लाल ‘घ’च्या पोटातून. स्टीलवर यंत्र रेटावं लागतं. अॅल्युमिनियम बिचारं मऊ, ही नळी तर पातळ. त्या दिवशी सुई लोण्यात फिरावी तशी फिरली होती, आणि आपला हात अजून तयार आहे म्हणून सेठ खूश झाले होते.

टपरीवरची माणसं ग्लास हातात घेऊन जवळ आली. कुणी हसलं नाही, हेच सेठांना जास्त लागलं.

पूनाराम फळीवरून नवी नळी काढत होता. “तासाभरात निघाल,” तो म्हणाला. “दिवस मावळायच्या आत बेटी जोधपुरात.”

नीतूनं मिस्त्रीकडे पाहिलं, मग खाली मान घातलेल्या बापाकडे.

“बाऊजी,” ती म्हणाली, “परात मोठी घ्या. तुमचं नाव लांब आहे.”