पान निघण्याआधी

“काय दिसतंय?” वज्दीने फोनवर विचारलं.

“तेच. ‘निकाल अजून जाहीर झालेला नाही,’” पलीकडून त्याची धाकटी बहीण सिरीन म्हणाली. भावाला ती खूया म्हणायची. मागे तेल तडतडत होतं. “खूया, साइट तुमच्या ऑफिसने बनवली आणि तू मला विचारतोस?”

“निकाल वरून थेट चढतो गं. आम्हाला थोडाच दिसतो? आम्ही नुसते मजूर.”

“मजूर म्हणे! स्फाक्सचा माणूस कधी फुकट राबलाय?” ती हसली. “ठेव आता. उम्मीला औषध द्यायचंय.” आजारी आईला दोघं उम्मी म्हणत.

वज्दीने फोन ठेवला. जमलं होतं.

निकाल त्यानेच सकाळी चढवला होता. एका प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती होती ती, फ्रान्समध्ये लियोंला दोन वर्षं शिकायला जाण्यासाठी. आणि ट्युनिशियातल्या त्यांच्या स्फाक्स शहराच्या वाट्याला एकच जागा. दोघा बहीणभावांनी अर्ज भरले होते. निवड सिरीनची झाली होती आणि राखीव उमेदवार होता वज्दी. तिने दुपारी बारापर्यंत होकार कळवला नाही, तर जागा त्याच्याकडे येणार होती. निकाल ज्याचा त्याला, आपापल्या पासवर्डने उघडणाऱ्या पानावरच दिसायचा.

तिचं नाव वाचून त्याला आधी आनंद झाला, हे खोटं नाही. पण समोरची कॉफी निवेपर्यंतही तो टिकला नाही. बाबा गेल्यावर शिक्षण अर्धवट कोणी सोडलं? हिच्या फिया कोणी भरल्या? त्याचा हा तिसरा अर्ज, तिचा पहिलाच. आणि बाईसाहेब पहिल्याच फटक्यात लियोंला! त्याच्या पोटात जळत होतं. उगाच दुसरं गोंडस नाव कशाला द्यायचं?

सर्व्हर ब्राउझरला पान पाठवतो, तेव्हा आधी त्याच्या कानात चार गोष्टी सांगतो. त्यांना हेडर म्हणतात. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. पान किती वेळ जपून ठेव, कुठल्या भाषेतलं समज, किंवा इथे थांबू नकोस, त्या पत्त्यावर जा. हे सगळं पानाचं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आत सांगावं लागतं. एकदा पान निघालं की ब्राउझरचे कान बंद.

ऑफिसात कोणी यायच्या आत वज्दीने निकालाचं पान पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञावलीत, दोन ओळी घातल्या. येणारी सिरीन असेल, तर तिला ‘अजून जाहीर झालेला नाही’ म्हणणाऱ्या कालच्या पानाकडे वळव. बस, एवढंच. तिचा पासवर्ड त्याला माहीत नव्हता, म्हणून काम झालं की नाही हे बघायला त्याने तिलाच फोन केला होता.

“आज देवाने तुला लवकर उठवलं की बायकोने?” सी हेदी आत येत म्हणाले. सर्व्हर सांभाळणारे ऑफिसातले ते सगळ्यात जुने गृहस्थ, म्हणून सगळे मानाने त्यांना ‘सी’ म्हणत. “अरे हो, बायको कुठे आहे तुला!”

“सी हेदी, तुमची बघूनच केली नाही.”

ते खो खो हसले. वज्दीही हसला, पण चोराच्या मनात चांदणं. हेदी स्क्रीनकडे वळले की त्याचा जीव वरखाली व्हायचा. मधे त्याने आणखी एकदा घरी फोन केला.

“अजून तेच,” सिरीन म्हणाली. “का रे, तुलाच जास्त घाई झालीय?”

“तुझ्यासाठीच गं.”

“माहितीये,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

बारा वाजून गेले. वज्दीच्या पानावर होकाराचं बटण उगवलं. त्याने ते दाबलं. मग स्क्रिप्ट उघडून त्या दोन ओळी पुसायला लागला.

“वज्दी!” हेदींनी आपल्या जागेवरून हाक मारली. “ह्या निकालाच्या स्क्रिप्टला सकाळी कोणी हात लावलाय? नुसत्या तक्रारी ओकतेय. हेडर पाठवता येत नाही, पान आधीच निघालंय. सुरुवातीच्या खुणेच्या वर एक रिकामी ओळ सुटलीय बघ, तीच पान म्हणून आधी बाहेर पडते. देवाने हात दिले, डोळे द्यायला विसरला!”

“म्हणजे... हेडर गेलंच नाही?”

“एकदाही नाही. जो आला त्याने खरं पान पाहिलं. नशीब समजा.”

वज्दीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं पान पाहिलं? मग ती फोनवर तसं का म्हणाली? डोकं दुखतंय असं सांगून तो घरी निघाला.

स्वयंपाकघरात सिरीन अंडं भरलेला, समोशासारखा ब्रीक तळत होती. आत उम्मीचा डोळा लागला होता.

“सिरीन, सकाळी पानावर काय होतं? खरं सांग.”

तिने गॅस बारीक केला. “कळलं वाटतं तुला. माझं नाव होतं. खाली राखीवमध्ये तुझं.”

“मग खोटं का बोललीस?”

“खरं सांगितलं असतं तर गाठोडं बांधून मला बोटीत बसवलं असतंस. ओळखत नाही का मी तुला?” तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. “बारा वाजेपर्यंत त्या बटणाकडे बघत बसले. हात नाही लावला. उम्मीला मी बघेन, तू जा. फार वर्षं ओढलंस आम्हाला.”

वज्दी ताटासमोर बसला. तिने गरम ब्रीक त्याच्या ताटात वाढला.

“असं काय बघतोस, खूया? निकाल आधी तुझ्या हाती पडला असता, तर तूही माझ्यासाठी हेच केलं असतंस.”