खाणीतला माणूस

मिठाच्या खाणीत हजारो वर्षांपूर्वी गाडला गेलेला तो कामगार मिठामुळेच जसाच्या तसा टिकला होता. उद्यापासून तो संग्रहालयात सगळ्यांना दिसणार होता, म्हणून संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्या ताई हलक्या हाताने त्याच्या अंगावरची धूळ टिपत होत्या. तेवढ्यात पहारेकरी एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आला.

"ताई, या आजींना उद्यापर्यंत दम नाही बघा! तुमच्या या पाहुण्याच्या नातलगच जणू!"

आजी दोरीपाशीच थांबल्या. "बाई, माझा लेक गेल्या साली खाणीत गाडला गेला. अजून काढला नाही हो त्याला. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारायला आले. वरून दरड कोसळली, की माणूस लगेच जातो ना?"

पहारेकऱ्याचं हसू मावळलं. ताईंनी मान वर केली.

"लगेच, आजी. याला तर कळलंसुद्धा नसेल."

आजींनी डोळे पुसले, त्या माणसाला हात जोडले आणि हळूहळू चालत निघाल्या.



आजी दाराबाहेर पडेपर्यंत ताईंनी त्या माणसाच्या हातांवर ठेवलेले आपले हात काढले नाहीत; दगड खरवडून खरवडून त्याची दाहीच्या दाही बोटं हाडापर्यंत झिजली होती.