डावी पोटरी

"पाणी प्यायलास?"

"हो, आई."

"किती?"

"दोन पेले."

"दोन पेल्यांनी काय होतंय? विमानातली हवा कोरडी असते, रक्त घट्ट होतं. ऊठ आणि दोन फेऱ्या मार."

"विमान सुटलेलंच नाही गं. मी विमानतळावर नुसता बसून आहे."

"तेच तर नको म्हणतेय मी. बसू नकोस."

समोर वर्तमानपत्र वाचणारा नवरा म्हणाला, "सिस्टर, पेशंटला जरा श्वास घेऊ द्या."

तिने बत्तीस वर्षं इस्पितळात नोकरी केली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी नवऱ्याच्या तोंडी ती सिस्टरच होती.

सहा वर्षांपूर्वी परदेशातून मुलाचा फोन आला होता. डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालीय, डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केलाय. तेव्हापासून तो आला नव्हता. आजोबा गेले तेव्हाही नाही. नातेवाईक कुजबुजू लागले की ती एकेकाला फैलावर घ्यायची. "तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरी काम करत नाही. रक्त वर चढायचं ते शिरेतच साकळतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. दोघं गेलेले पाहिलेत मी. माझा मुलगा आला नाही तरी चालेल, पण जिवंत असू दे."

यंदा मात्र तिला राहवेना. "तुला येता येत नाही ना, मग मीच येते," म्हणाली आणि पासपोर्टचा अर्ज भरून मोकळी झाली. आठ दिवसांत मुलाचा फोन आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

तिने त्याच्या पोटरीचं माप मागवून घट्ट मोजे पाठवले. व्यायाम लिहून पाठवले. आणि काल सकाळपासून ती खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून होती. तिच्या फोनची बॅटरी गेली होती, चार्जरला लावला तरच तो चालायचा आणि वायर जेमतेम हातभर. पहिलं विमान उशिरा सुटलं, त्यामुळे पुढचं चुकलं. त्यानंतरचं नऊ तासांनी. फोन कधीही येऊ शकत होता. रात्रीही ती खुर्चीतच पेंगली.

"मी बसतो थोडा वेळ," नवरा म्हणाला. "फोन आला तर मी घेईन."

"तुम्ही नुसतं 'बरा आहेस ना' विचाराल. त्याच्या पायाचं कोण विचारणार?"

"निदान पाणी तरी पी."

"प्यायलं की उठावं लागतं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो."

तांब्या भरलेलाच राहिला.

शेवटच्या विमानात चढण्याआधी मुलाने फोन केला. ती म्हणाली, "पोटरी दाबून बघ. दुखते?"

"नाही गं. उजवा पाय एकदम ठीक आहे."

"उजवा कशाला दाबतोयस? डावा."

"हो, डावा. डावाच म्हणायचं होतं. झोप नाही झाली, आई."

"असू दे. टाचा वर-खाली करत राहा. दर तासाला ऊठ."

फोन ठेवून तिने डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारली. पट्टा रुतत होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. चप्पल आवळ झालीय."

दुपारी बेल वाजली. ती भिंतीला धरून उठली, लंगडत दारापर्यंत गेली. दार उघडून तिने आधी मुलाच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मोजे कुठायत?"

"बॅगेत आहेत."

"बॅगेला घालायला पाठवले होते का मी?"

ती हसली. त्याच्या गालाला हात लावायला पुढे झाली, तोच हात मागे घेऊन तिने छातीवर ठेवला आणि उंबऱ्यातच खाली बसली.

तासाभराने इस्पितळात डॉक्टर हातात कागद घेऊन बाहेर आले. बापलेक उठून उभे राहिले.

"डाव्या पायातली गाठ फुप्फुसात गेलीय. औषध सुरू केलंय. आजचा दिवस कठीण आहे. त्यांनी लांबचा प्रवास केला होता का?"

"प्रवास याने केला," बाप म्हणाला. "ती खुर्चीत होती. कालपासून."

"रक्ताच्या नात्यात कोणाला असं झालं होतं? काही घराण्यांमध्ये रक्तातच असतं. तसं असेल तर उपचार त्याप्रमाणे ठरवावे लागतात."

"हो तर. यालाच झालं होतं. सहा वर्षांपूर्वी, डाव्याच पायात." बापाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "मायलेकांचं रक्त एकच, डॉक्टर."

डॉक्टर लिहू लागले.

"ते खोडा," मुलगा म्हणाला. "मला कधीच काही झालं नव्हतं."