दुहेरी हूक

शशिधरनं नव्या गाडीमागं दुहेरी हूक बसवून घेतला. वरती दोन सायकली टांगल्या, खाली तंबूची ट्रॉली जोडली आणि बायकोसोबत चंदगडच्या सहलीला निघाला. त्याच्या आईला, शांतादेवींनाही, बहिणीकडं चंदगडलाच जायचं होतं.

"अव्वा, मागच्या सीटवर कुत्रं बसणार हाय. तू एस्टीनं ये की!"

त्या गुमान एस्टीत बसल्या. गडहिंग्लजच्या पुढं चढावर एस्टी थांबली. वजनानं हूक वाकून सायकली, ट्रॉली सगळं रस्त्यावर आडवं झालं होतं आणि शशिधर हात करत होता. खिडकीत आई दिसताच तो हरखला.

कंडक्टरनं विचारलं, "मावशी, वळखीचं हाईत काय?"

शांतादेवींनी लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"न्हाय बाबा. कुणीतरी पावणं हाईत. मारा बेल!"