अडवलेलं पाकीट

समान हक्कांसाठी उभा जन्म लढलेल्या बाईंचे खासगी कागद दप्तरखान्यात लावले जात होते. कारकुनाने त्यांच्या लेकीला बोलावून घेतलं. "ताई, तुरुंगाने अडवलेली पत्रं बाई गेल्यावर आमच्या हाती आली. त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे तुमचं दिसतंय." तिने पाकीट घेतलं. आठव्या वर्षी थुंकी लावून चिकटवलेलं, अजून तसंच बंद. आईचं उत्तर आलं नाही म्हणून धरलेला अबोला तिने आईच्या शेवटच्या आजारपणातही सोडला नव्हता. "यादीत मजकूर नोंदवला नाही तर साहेब मलाच फाडून खातील," कारकून सुरी उचलत म्हणाला. "उघडू?" "नको. आईच्या नावाचं आहे ते. मला पाठ आहे, लिहून घ्या." त्याने पेन्सिल टेकवली. ती एका दमात म्हणाली, "आई, मला गोवर आलाय. एकदा येऊन जा. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, शप्पथ."